मि. हॅल्क्रोंचा कोळसा

गुरुवार, ७ मे २०२६

कामाची नोंद राहावी म्हणून ही वही सुरू केली आहे. विनया म्हणाली, "काम कर, नोंद आपोआप राहील." बायको फार्मसिस्ट असली की ती वाक्यांचाही डोस मोजून देते.

घडलं ते असं. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या लेकीला, ऋग्वेदाला, हिल्सबरोच्या चर्चच्या हॉलवर सोडायचं आणि अडीच तास थांबून परत आणायचं, हे खातं माझ्याकडे आहे. ती तिथे मानुकाऊ विंड सोसायटीत दुसरा ओबो वाजवते. ओबो म्हणजे सनईची परदेशी शिकून सुधारलेली चुलत बहीण. मंडळी एकूण आठ, वाद्यं सगळी फुंकायची, वयं सतरा ते अठ्ठ्याहत्तर. सतरा आमची. मी तिचं नाव चार वेदांतून निवडून ठेवलं, ही मंडळी तिला 'रिग्ज' म्हणतात.

तर ही सोसायटी स्थापन झाली ३१ ऑगस्ट १८७६ रोजी. म्हणजे येत्या ऑगस्टात दीडशे वर्षं. अठ्ठ्याहत्तरवाल्या हेदरबाई अध्यक्ष आहेत, क्लॅरिनेट वाजवतात. आज मला म्हणाल्या, "राज, तू जुनी हस्तलिखितं वाचायचास ना? आमचा इतिहास लिही. फार नको, पन्नास पानं. आणि एक गोष्ट मला मरण्यापूर्वी कळायला हवी. पहिल्या संध्याकाळी त्या आठ जणांनी वाजवलं काय? तेच आपण २९ ऑगस्टच्या कार्यक्रमात वाजवू."

मी हो म्हणालो. संस्कृतात एम. ए., त्यावर एका पोथीच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्यात सात वर्षं पीएच. डी. (आवृत्ती व्हायची आहे), आणि सध्या दंतवैद्याच्या काउंटरवर दाढा उपटण्याच्या वेळा देतो. अशा माणसापुढे कोणी दीडशे वर्षांचा कागद धरला तर तो नाही कसं म्हणणार?

गुरुवार, १४ मे

कपाट उघडलं. आत दोन प्रकारचा ऐवज. एक, चिटणीसांच्या इतिवृत्ताच्या सहा वह्या. दोन, पुठ्ठ्यात बांधलेली हाती लिहिलेल्या स्वरलिपीची चौदा बाडं, प्रत्येकात आठ वाद्यांचे आठ भाग. बाडं वाजवण्याची वस्तू. मला स्वरलिपी येत नाही, आणि मला हवा आहे पुरावा. वह्या घेतल्या.

ऋग्वेदा म्हणाली, "बाबा, यू कॅन सिट इन, यू नो. वी डोन्ट बाइट."

"मला वाचायचंय," मी म्हणालो, आणि हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. तरी आवाज येतोच. त्यातून इकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, आणि त्या हॉलचा हीटर दर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. भिंतीवरचं बटण कोणीतरी उठून दाबल्याशिवाय पेटत नाही. स्वयंपाकघराला ते बटणही नाही. विद्येला शांतता लागते, ऊब लागते. चर्चला हे कसं कळू नये?

रविवार, १७ मे

पहिले चिटणीस मि. एबेनेझर हॅल्क्रो. बंदरावर कारकून, सोसायटीत दुसरा ओबो. अक्षर मोत्यासारखं. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी विनयाला हाक मारली. मग मजकूर वाचला. पहिल्या संध्याकाळचं इतिवृत्त, संपूर्ण, भाषांतर माझं:

'३१ ऑगस्ट १८७६. हजर आठ. शेगडी सहाला पेटवली, सातला बसलो. दाराच्या फटीला पोतं लावलं. मि. रडक बिस्किट खात आले, त्यांना चूळ भरायला लावली. कोळसा: मी दोनदा, मि. वॉस एकदा. साडेनऊला उठलो.'

बस. संगीत मंडळाच्या स्थापनेची ही नोंद. आठ माणसं अडीच तास बसली आणि त्यांनी कोळसा टाकला.

विनया म्हणाली, "छान आहे की. आपल्या मंडळाच्या गणपतीचा अहवाल यापेक्षा लांब असतो, आणि त्यात एवढंही कळत नाही."

मंगळवार, २ जून

पहिली वही संपवली. तीन वर्षं, एकशे चौतीस बैठका. वाजवलेल्या एकाही चिजेचं नाव नाही. वर्णन नाही, 'बरं झालं' नाही, 'वाईट झालं' नाही. शेगडी आहे. पोतं आहे. बिस्किट आहे, मि. रडकना तीन वर्षांत एकोणीस वेळा चूळ भरायला लावली आहे, म्हणजे माणूस शिकणारा नव्हता. आणि कोळसा, कोळसा, कोळसा. कोणी किती वेळा टाकला याची दर बैठकीला नोंद.

घरातही तपस्येला अनुकूल वातावरण नाही. आज विनयाने ताजा चिवडा केला. ऋग्वेदा सरावाआधी त्याला हात लावायला तयार नाही. नंतर मात्र अर्धा डबा संपवते. ओबो पेटीतून काढला की हिवाळ्यात आजारी मांजर धरावं तसा स्वेटरच्या आत घालून दहा मिनिटं बसते. मी हवा यावी म्हणून खिडकी उघडली तर "बाबा!" म्हणून किंचाळली. आणि परवा माझं संध्येचं पंचपात्र सापडेना. तिच्या टेबलावर होतं, आत पाणी, पाण्यात ओबोच्या तोंडाशी लावतात ती वेताची पट्टी, रीड, भिजत पडलेली.

"हे आचमनाचं भांडं आहे," मी म्हणालो.

"इट्स द परफेक्ट साइझ," ती म्हणाली.

हिच्या वयाला रुसव्याफुगव्यांसाठी कारण लागत नाही. मी हॅल्क्रोंकडे परतलो.

शनिवार, १३ जून

उपपत्ती सापडली. हॅल्क्रो हा शीतभीरू मनुष्य होता. उत्तर समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून आलेला, लहानपणी थंडीने गांजलेला, म्हणून आयुष्यभर त्याला दुसरं काही दिसलं नाही. शेगडी हीच त्याची देवता. पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. मात्र कोळसा कळल्याशिवाय हॅल्क्रो कळणार नाही. तो कोणत्या खाणीतून, कोणत्या गलबतांतून ऑनहंगाच्या धक्क्यावर येई, हे आधी पाहिलं पाहिजे.

गुरुवार, २५ जून

पहिलं प्रकरण हेदरबाईंना दिलं. एकतीस पानं. त्यांनी चहाच्या सुट्टीत उभ्या उभ्या चाळलं. हॉर्न वाजवणारा नितीश त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. हा नागपूरचा, रुग्णालयात नर्स आहे. आठांत ऋग्वेदाखेरीज तेवढाच मराठी.

"राज," हेदरबाई म्हणाल्या, "यात हीप्स ऑफ कोळसा आहे."

"पार्श्वभूमी आहे ती."

"आणि पुढे?"

"पुढे दुसरी खाण," नितीश म्हणाला. "काका, माझ्या हॉर्नमध्येसुद्धा एवढा काळोख नसतो."

मग त्या फार गोड बोलल्या. इकडची माणसं गोड बोलली की काळजी करावी. छपाईला मजकूर १० ऑगस्टला जायला हवा. तोवर झालं नाही, तरी 'नो वरीज'. जुन्या फोटोंची चारपानी घडी काढतील, आणि दुसरं काहीतरी नेहमीचं वाजवतील. एवढंच की दीडशे वर्षांनी एकदा विचारलेला प्रश्न तसाच राहील, आणि त्या काही दोनशेव्या वर्षाला येणार नाहीत.

परतताना ऋग्वेदा मागच्या सीटवरून म्हणाली, "शी रिअली वॉन्ट्स इट, बाबा."

मलाही हवंच आहे. कोणाला कळत नाही.

रविवार, ५ जुलै

विनयाशी वाद. तिचं म्हणणं, मी इतिहास लिहीत नसून लांबवतो आहे. मी म्हणालो, उरलेल्या पाच वह्या वाचल्याशिवाय विधान करणं अशास्त्रीय आहे. ती म्हणाली, "हे वाक्य मी लग्नाच्या आधी ऐकलंय. तेव्हा पाच वह्या नव्हत्या, तंजावरची एक प्रत होती. ती आली. मग म्हैसूरची. ती आली तेव्हा आपलं सामान कंटेनरमध्ये चढत होतं."

"एक प्रत राहिली होती."

"त्या सगळ्या प्रतींची ट्रंक गॅरेजमध्ये आहे. तिच्यावर आपण बार्बेक्यू ठेवतो."

पोथीच्या चार प्रती जमवून तीन श्लोक जरी शंकास्पद राहिले, तर मनुष्य सही कशी करेल? हे औषध मोजणाऱ्यांना तरी कळायला हवं होतं.

दुसरी बातमी, ऋग्वेदा फेब्रुवारीत ख्राइस्टचर्चला इंजिनिअरिंगला जाणार. होस्टेलचा अर्ज भरते आहे. म्हणजे २९ ऑगस्टचा तिचा इथला शेवटचा मोठा कार्यक्रम. चांगलंच आहे. गुरुवारच्या संध्याकाळी मोकळ्या होतील. मोकळ्या होऊन मी त्यांचं काय करणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

गुरुवार, १६ जुलै

वेलिंग्टनला जाऊन आलो. तिथल्या ग्रंथालयात १८७६ चं एक स्थानिक वर्तमानपत्र आहे. ते संगणकावरही दिसतं, पण मूळ कागद पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. एक दिवस रजा, दोन विमानं, वाऱ्यात उलटी झालेली छत्री. पहिल्या संध्याकाळची बातमी सापडली. सोसायटीने वादन केलं, अकरा श्रोते होते, आणि शेवटचं वाक्य: 'हॉल सुखद उबदार होता.'

विमानतळावर बसून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

गुरुवार, ३० जुलै

आज घडलेलं क्रमाने लिहितो, नाहीतर मीच ते सुधारून टाकेन.

कडाक्याची थंडी. हॉलकडे जाताना काचेवर धुकं आलं म्हणून मी गाडीची खिडकी खाली केली. ऋग्वेदाने ओबो पेटीतून आधीच काढून स्वेटरमध्ये घेतला होता.

"बाबा, क्लोज इट! इट'ल क्रॅक!"

"काय क्रॅक होईल?"

"द ओबो! इट्स वुड! थंड लाकडात गरम श्वास गेला की तडकतं. हाऊ मेनी टाइम्स?"

मी काच वर केली. पुढच्या वळणापर्यंत गेलो. मग एका डेअरीसमोर, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, गाडी लावली.

"व्हॉट आर यू डूइंग? वी'ल बी लेट."

"वाजवायला सातला बसायचं असेल तर शेगडी सहाला का पेटवतात?"

"हं? सो एव्हरीथिंग्ज वॉर्म. थंड असलं की सगळे बेसूर. फ्लॅट."

"दाराच्या फटीला पोतं?"

"सेम. ड्राफ्ट आला की माझी बाजू एका सुरात, हेदरची दुसऱ्या."

"आणि बिस्किट?"

ती माझ्याकडे पाहू लागली. "क्रम्ब्ज गो इन द रीड. म्हणून चिवडा नंतर खाते. बाबा, आर यू ओके?"

तीन वर्षं, एकशे चौतीस बैठका. हॅल्क्रोने संगीताखेरीज एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना 'शेगडी' म्हटलं की सगळं कळत होतं.

"मग कोळसा?" मी विचारलं. "कोणी किती वेळा टाकला हे कशाला लिहायचं?"

यावर ती हसली. "ओह, द कोळसा! तो माझ्या पार्टवर आहे."

"कुठे?"

"माझ्या कागदावर. जुना पार्टच आहे ना तो. जिथे मला खूप वेळ वाजवायचं नसतं तिथे पेन्सिलने लिहिलंय, 'कोल'. नितीशच्या पार्टवर पण आहे. वी ऑल जोक अबाउट इट. लाँग रेस्ट आली की ज्याला रेस्ट तो उठून शेगडीत टाकून यायचा. मी आता तिथेच उठून हीटरचं बटण दाबते."

मी सात वर्षं पोथ्यांच्या समासात लिहिलेल्या टिपा वाचण्यात घालवली. लेखक खोटं बोलतो, टिपा बोलत नाहीत, असं विद्यार्थ्यांना शिकवलं. आणि अकरा आठवडे चौदा बाडांच्या शेजारी बसून मी ती उघडली नाहीत, कारण ते 'वाजवण्याचं' होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

यावर ती निव्वळ मराठीत बोलली, जे ती सहसा करत नाही.

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही दार लावून घेता."

शनिवार, १ ऑगस्ट

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर चौदा बाडं. पहिल्या संध्याकाळी कोळसा हॅल्क्रोने दोनदा, वॉसने एकदा. हॅल्क्रो दुसरा ओबो. वॉस पहिला हॉर्न. म्हणजे असं बाड शोधायचं की ज्यात दुसऱ्या ओबोच्या कागदावर 'कोल' दोनदा आणि पहिल्या हॉर्नच्या कागदावर एकदा. ऋग्वेदा वाचत गेली, मी तक्ता करत गेलो. बाड एक: काही नाही. दोन: ओबोवर एकदा. असं चौदापर्यंत. विनया ड्युटीवरून आली, आमच्याकडे पाहिलं, आणि भात लावला.

जुळणारी बाडं दोन. नववं आणि बारावं.

मी म्हणालो, "उरलेल्या पाच वह्यांतल्या नोंदी ताडून पाहिल्या तर कदाचित निर्णय होईल. सहा महिने लागतील."

भात वाढता वाढता विनयाचा हात थांबला. ऋग्वेदाने आईकडे पाहिलं, मग ओबो उचलला.

"वेट," ती म्हणाली. "मी दोन्ही वाजवते. तुम्ही चाला."

"चाला म्हणजे?"

"बी मि. हॅल्क्रो. इथे खुर्ची. फ्रिज म्हणजे शेगडी. मी रेस्ट मोजते, तुम्ही जाऊन कोळसा टाकून या."

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात चार चार वेळा फ्रिजपर्यंत गेलो, वाकलो आणि खुर्चीवर परत आलो. खुर्ची-शेगडीचं अंतर आम्ही हॉलमधल्या शेगडीची जुनी जागा आठवून अंदाजाने ठेवलं होतं. नवव्यात मी दोन्ही वेळा वेळेवर परतलो. बाराव्यात दुसऱ्या वेळी अर्ध्या वाटेवर होतो आणि ती वाजवायला लागली. विनया म्हणाली, "हॅल्क्रोचे गुडघे तुझ्यापेक्षा बरे असतील."

हाच तर आक्षेप आहे. गुडघे हा पुरावा नव्हे.

"पुन्हा वाजव," मी म्हणालो. "नववं. मी नुसता बसतो."

सोमवार, १० ऑगस्ट

मजकूर दिला. चव्वेचाळीस पानं. कोळशाच्या खाणी अडीच पानांत बसवल्या, गलबतं गेली. पहिल्या संध्याकाळी काय वाजवलं याच्या उत्तरात मी लिहिलं आहे: 'बहुधा नववं बाड. त्याच्या मुखपृष्ठावर नाव नाही, रचनाकाराचं नावही नाही.' त्या 'बहुधा'वर तीन दिवस अडलो होतो. आज सकाळी विनयाने डबा भरता भरता विचारलं, "औषधाने रोगी बरा होईल, याच्याआधी आम्ही काय लिहितो माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "'बहुधा'सुद्धा लिहीत नाही. तरी औषध देतो."

हेदरबाईंनी ते पान उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं.

"नववं," त्या म्हणाल्या. "ते तर मी पन्नास वर्षं वाजवतेय. आम्ही त्याला 'ते थंडीतलं' म्हणतो."

नितीश म्हणाला, "काका, स्वीट अ‍ॅज. झकास. पण 'बहुधा'?"

"बहुधा," मी म्हणालो. आणि सही केली.

गुरुवार, २० ऑगस्ट

मला सोसायटीचा चिटणीस केलं. विरोधात एकच मत, माझं. सराव आतच बसून ऐकला. खुर्ची कडक आहे.

शनिवार, २९ ऑगस्ट

हजर आठ. श्रोते साठ, त्यांत विनया पहिल्या रांगेत. हीटर सहाला लावला, सातला बसले. दाराच्या फटीला माझा मफलर. नितीश बिस्किट खात आला, त्याला चूळ भरायला लावली. रीडसाठी पंचपात्र मी घरून आणलं होतं.

बटणाजवळची खुर्ची माझी. नवव्या बाडातल्या पहिल्या लांब विश्रांतीत ऋग्वेदाने ओबो मांडीवर ठेवला आणि उठायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी आधीच उठलो होतो.

हीटर: मी दोनदा, नितीश एकदा.

साडेनऊला उठलो. हेदरबाई थोडा वेळ बसून राहिल्या. गाडीच्या काचा बंद ठेवून घरी आलो.